गोड्या पाण्यातलं पाकट आणि पर्वतीय व्होल: तुलना करायची तर कशी?

अनघा_माहीम | शुक्रवार, रात्री 9:52

मुलगी सातवीत आहे. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात दोन डबे फिरवले. एकात पाण्यातल्या प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जमिनीवरच्या. प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्या दोन प्राण्यांची तुलना चार पानांत लिहायची. हिच्या हाताला लागले फ्रेशवॉटर स्टिंगरे आणि माउंटन व्होल.

तिने वहीच्या पानावर उभी रेघ मारली आणि लिहायला घेतलं. एक पाण्यात, एक जमिनीवर. एकाला कल्ले, एकाला फुप्फुसं. एकाला काटा, एकाला केस. सहा ओळींत संपलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "आई, हे तर कुठलाही मासा आणि कुठलाही उंदीर घेतला तरी चालेल. यात हे दोघं कुठे आहेत?"

तेव्हापासून मी दोन रात्री वाचते आहे. पुढच्या सोमवारी वही द्यायची आहे, म्हणजे दहा दिवस आहेत. इथे प्राणिशास्त्र शिकवलेले, मासे पाळणारे, हिमालयात फिरणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. या दोघांना एकमेकांशेजारी ठेवून विचारावा असा प्रश्न कोणता? तयार उत्तर नको, लिहायचं तिचं तीच लिहील.

भाषावेडा | शुक्रवार, रात्री 10:14

आधी शब्दांपासून सुरुवात करू या. स्टिंगरेला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, पाकट. तुमच्या माहीमच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा. तिच्या वहीत 'गोड्या पाण्यातलं पाकट' असंच लिहिलेलं मला आवडेल.

व्होलला मराठी शब्द नाही, कारण सह्याद्रीत तो प्राणीच नाही. घूस म्हणू नका, ती वेगळी. चिचुंद्री तर मुळीच नको, ती कृंतकांत, म्हणजे उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांतही मोडत नाही. 'व्होल' हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात वर्णन द्या: आखूड शेपटीचा, बोथट तोंडाचा, केसांत जवळजवळ लपलेल्या कानांचा, गवत खाणारा उंदरासारखा प्राणी.

वेसावकर | शुक्रवार, रात्री 11:03

ताई, पाकट आम्ही लहानपणापासून हाताळतो. डोल, म्हणजे आमचं मोठं जाळं, वर घेतली आणि आत पाकट दिसलं की पहिलं लक्ष शेपटीकडे. शहरातल्या लोकांना वाटतं काटा शेपटीच्या टोकाला असतो. तसं नाही. तो शेपटीच्या वरच्या अंगाला, बुडापासून थोडा पुढे असतो आणि अंगाला चिकटून पडलेला असतो. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, तेही उलट वळलेले. आत जाताना जेवढं फाटतं त्यापेक्षा बाहेर येताना जास्त फाटतं. माझ्या वडिलांच्या पोटरीवर तो वण शेवटपर्यंत होता.

पण पाकट कुणाच्या मागे लागून मारत नाही. पाय पडला, दाबलं गेलं, तरच शेपूट वर येते. मुलीच्या वहीत हे आलं पाहिजे. लोक उगाच त्याला दुष्ट ठरवतात.

आमचं पाकट खाऱ्या पाण्यातलं. गोड्या पाण्यात ते कसं जगतं, हे मलाही वाचायचं आहे.

निवृत्त_प्राध्यापक | शनिवार, सकाळी 7:20

अनघाताई, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दोन्ही नावं नेमकी करून घ्या. गोड्या पाण्यातली पाकटं दोन प्रकारची. एक, मूळची समुद्री कुळातली पण नद्यांत राहणारी, जसं आग्नेय आशियातलं महाकाय पाकट. जून 2022 मध्ये कंबोडियात मेकाँग नदीत असं एक मादी पाकट सापडलं. वजन 300 किलो, लांबी जवळजवळ 4 मीटर. गोड्या पाण्यातला नोंदलेला सर्वांत मोठा मासा तो हाच. गावकऱ्यांनी तिचं नाव बोरामी, म्हणजे पौर्णिमा, ठेवलं आणि खूणयंत्र बसवून तिला परत नदीत सोडलं. दुसरा प्रकार दक्षिण अमेरिकेतला, पोटॅमोट्रायगॉन आणि त्याचे भाईबंद. हे कूळच्या कूळ नदीचं झालं आहे. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना या नद्यांत, समुद्रापासून हजारो किलोमीटर आत. वहीसाठी हेच घ्यावं, कारण खरी गोष्ट याच्याकडे आहे.

'माउंटन व्होल' या नावाखालीही दोन वेगळे प्राणी येतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या डोंगराळ कुरणांतला मायक्रोटस मोन्टॅनस, आणि मध्य आशिया व हिमालयातले अल्टिकोला वंशाचे व्होल. पहिल्यावर प्रयोगशाळांत भरपूर काम झालं आहे. दुसरा आपल्या देशातला आहे.

आता प्रश्न. माझ्या मते तो असा विचारावा: नव्या जागी राहायला गेल्यावर या देहाला काय बदलावं लागलं? 'कल्ले की फुप्फुसं' यापेक्षा हा प्रश्न दोघांच्याही जास्त आत शिरतो.

पाकटाचं उदाहरण घ्या. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. समुद्रातल्या माशाच्या देहाची तीच अडचण असते, बाहेरचं खारं पाणी आतलं पाणी ओढून घेतं. मुशी (म्हणजे शार्क) आणि पाकट यांनी त्यावर वेगळाच उपाय काढला. आपण जो युरिया लघवीवाटे टाकून देतो तो हे रक्तातच साठवून ठेवतात, म्हणजे आतलं द्रावण बाहेरच्या समुद्राइतकंच दाट राहतं. जास्तीचं मीठ बाहेर टाकायला शेपटीच्या बुडाशी आत एक गुदग्रंथी असते.

नदीत हेच गणित उलटं होतं. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, तसं पाणी आत घुसायला लागतं. युरिया साठवून ठेवणं तिथे उपयोगाचं नाही, उलट अडचणीचं. थॉर्सन, कोवन आणि वॉटसन या शास्त्रज्ञांनी 1967 साली दाखवून दिलं की पोटॅमोट्रायगॉनच्या रक्तात युरिया अगदीच कमी असतो. पुढे या पाकटांना हळूहळू खाऱ्या पाण्याकडे नेऊन पाहिलं, तरी ती युरिया साठवू शकली नाहीत. गुदग्रंथीही खुरटलेली. म्हणजे पूर्वजांच्या घरी परत जाण्याची वाट त्यांच्या देहानेच बंद केली आहे.

मला या प्राण्याबद्दल जे वाटतं ते इथूनच येतं. नदीत आलेला पाहुणा परत जाऊ शकतो. हे पाकट परत जाऊ शकत नाही.

कुतूहल | शनिवार, सकाळी 8:05

सर, मीठ लावलेल्या कैरीवरून हे पहिल्यांदा नीट समजलं. पण ती नदीत मुळात गेली कशी?

निवृत्त_प्राध्यापक | शनिवार, सकाळी 8:41

समुद्रच आत आला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात समुद्राचं पाणी खोलवर शिरलं. त्याच काळात अँडीज पर्वत उंचावत होता आणि नद्यांचे मार्ग बदलत होते. आजच्या पश्चिम ॲमेझॉनच्या जागी प्रचंड दलदली आणि सरोवरं होती. पाणी हळूहळू गोडं होत गेलं आणि त्यात अडकलेली पाकटं त्याच्याबरोबर बदलत गेली. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग आजही समुद्रात आहेत, एक जात कॅरिबियनच्या बाजूला आणि एक पॅसिफिकच्या किनाऱ्याला.

या गोष्टीत पर्वतही आहे, हे लक्षात ठेवा. व्होलकडे येताना त्याचा उपयोग होईल.

सह्यभटक | शनिवार, दुपारी 1:30

व्होलबद्दल मी थोडं सांगू शकतो. दोन वर्षांपूर्वी तुंगनाथला गेलो होतो. देवळाच्या वरच्या अंगाला, चंद्रशिलेच्या वाटेवर, दगडांच्या राशीतून एक गुबगुबीत राखाडी-तपकिरी प्राणी बाहेर आला, तोंडात गवत घेऊन दोन दगडांच्या फटीत शिरला. गाइड म्हणाला उंदीर. घरी येऊन शोधल्यावर 'रॉयल्स माउंटन व्होल' असं नाव मिळालं. कान गोल, मोठे, स्पष्ट दिसणारे. शेपूट दिसली नाही. फोटो आहे, मुलीला हवा असेल तर पाठवतो.

निवृत्त_प्राध्यापक | शनिवार, दुपारी 2:10

सह्यभटक, तुमच्या वर्णनावरून तो व्होल नसून पिका असावा. मोठे गोल कान आणि न दिसणारी शेपूट या पिकाच्या खुणा. पिका हा सशाचा नातलग, व्होल हा उंदराचा. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोघांच्याही नावात रॉयल आहेत. जॉन फोर्ब्स रॉयल हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. हिमालयातला रॉयल पिका आणि रॉयल व्होल, दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. रॉयल व्होल फक्त भारतातच सापडतो. फोटो मुलीला जरूर पाठवा, पण पिका म्हणून. 'व्होल कोण नाही' हे कळायलाही त्याचा उपयोग होईल.

सह्यभटक | शनिवार, दुपारी 2:48

सर, फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. पिकाच आहे. दोन वर्षं मी लोकांना व्होल म्हणून दाखवत होतो, आता सगळ्यांना कळवतो.

एक विचारतो. लेहमध्ये एका जुन्या दफनभूमीत स्टॉलिच्का नावाच्या माणसाचं स्मारक पाहिलं होतं. त्याच्याही नावाचा व्होल आहे ना?

निवृत्त_प्राध्यापक | शनिवार, दुपारी 4:25

आहे. स्टॉलिच्काचा पर्वतीय व्होल, लडाखसारख्या उंच, कोरड्या भागातला. आणि तुम्ही अगदी हव्या त्या माणसाचं नाव काढलंत.

फर्डिनांड स्टॉलिच्का मूळचे मोरावियाचे, आजच्या चेक प्रजासत्ताकातले. भारतीय भूशास्त्र सर्वेक्षणात नोकरीला होते. मध्य आशियातल्या यारकंदच्या मोहिमेवरून परतताना, जून 1874 मध्ये, लडाखमधल्या मुर्गो इथे उंचीच्या त्रासाने ते गेले. वय 36. त्यांचं मोठं काम जीवाश्मांवर होतं. स्पितीच्या डोंगरांत त्यांनी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म अभ्यासले. डोंगरात समुद्री प्राणी, कारण भारताचा भूखंड आशियाला धडकून हिमालय उचलला जाण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता.

तुमच्यापैकी अनेकांच्या देवघरात याचा पुरावा आहे. शाळिग्राम. गंडकीच्या पात्रात सापडणारा तो काळा दगड म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. त्यावरचं चक्र हे त्या प्राण्याच्या शंखाचं वेटोळं. तुळशीच्या लग्नात आपण जो शाळिग्राम मांडतो तो एके काळी समुद्राच्या तळाशी होता.

आता दोघांना शेजारी ठेवा. पाकटाच्या पायाखालचा समुद्र गोडा झाला आणि ते तिथेच राहिलं. आपल्या हिमालयातला व्होल जिथे राहतो तो दगड समुद्रतळाचा आहे, उचलला गेला आणि वर उंदराच्या भाईबंदांना नवं घर मिळालं. एकाला अँडीजने घडवलं, एकाला हिमालयाने. मुलीने नकाशे काढले तर हे एका पानात दिसेल.

अनघा_माहीम | शनिवार, रात्री 9:10

सर, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघींनी मोठ्याने वाचला. आमच्या देवघरातला शाळिग्राम तिने ताम्हनातून उचलून कंदिलासारखा दिव्यासमोर धरून पाहिला. सासूबाईंनी परवानगी दिली, शिवाय त्याही शेजारी येऊन बसल्या.

डॉक्टर_परळ | शनिवार, रात्री 10:30

काट्याचा विषय निघालाच आहे तर मुंबईकरांसाठी कामाचं लिहितो. 2013 च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या अनेकांना पाकटांचे दंश झाले होते. त्यानंतर दरवर्षी विसर्जनाच्या वेळी पालिका पाकट आणि जेलीफिशबद्दल सूचना देते. ती वाचून पुढे जाऊ नका.

पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत पुढे न्या. वाळूत पसरलेलं पाकट चाहूल लागून निघून जातं. गमबूट असतील तर उत्तम. दंश झालाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण 45 अंशांच्या आतलं, अर्धा ते दीड तास. विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात आणि वेदना उतरते. पाणी आधी धडधाकट माणसाच्या हाताने तपासा, कारण दुखत असलेल्या पायाला भाजतंय हे कळत नाही. आणि लगेच रुग्णालय गाठा, कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. छातीत किंवा पोटात काटा गेला असेल तर तो स्वतः उपसायचा नाही.

ॲमेझॉनच्या काठावरच्या लोकांनाही हाच त्रास होतो, तोही उथळ नदीत रोजची कामं करताना.

काचेतला_तलाव | रविवार, सकाळी 9:15

मी पाकट पाळलं आहे म्हणून लिहितो. हे लिहायला मला सोपं नाही.

पाच वर्षांपूर्वी एका दुकानातून मोटोरो पाकटाचं पिल्लू आणलं, सरांनी सांगितलेल्या पोटॅमोट्रायगॉनचीच एक जात. तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती काळं कडं. दुकानदार म्हणाला सहा फुटी टाकीत आयुष्यभर राहील. मी विश्वास ठेवला, स्वतः वाचलं नाही. ते रोज संध्याकाळी काचेवर पोट टेकवून वर चढायचं आणि मला त्याचं तोंड, कल्ल्यांच्या पाच जोड्या दिसायच्या. डोळे वर, तोंड खाली, म्हणजे जे खातंय ते त्याला दिसतच नाही. तरी वाळूत पुरलेली कोळंबी ते हमखास काढायचं. डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत घेतं, त्यामुळे वाळूत गाडून घेतलं तरी श्वास चालू राहतो.

एका पावसाळ्यात आमच्याकडे सलग वीज गेली, फिल्टर बंद पडला. सकाळी मी पाहिलं तेव्हा त्याच्या चकतीसारख्या अंगाच्या कडा वर मुडपल्या होत्या. पाण्यात अमोनिया चढला होता. दुपारी गेलं. सरांनी जे लिहिलं आहे ते मला तेव्हा माहीत असतं तर टाकीत नुसतं पाणी नसतं, त्याचा जीव त्या पाण्याच्या रसायनावर टांगलेला आहे, हे कळलं असतं.

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात हे पिल्लू कुणाला आवडलं तर कृपया आधी विचार करा. पूर्ण वाढीचं मोटोरो अर्धा मीटर रुंद होतं आणि वर्षानुवर्षं जगतं. यातल्या काही जाती आता सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि आपल्या वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगताना नोंदणी करावी लागते. आणि नकोसं झालं म्हणून पवईत सोडणं हा तर गुन्हाच समजा. सिंगापूरच्या एका जलाशयात अशीच सोडलेली मोटोरो पाकटं आता तिथे पिल्लं घालतात.

वेसावकर | रविवार, सकाळी 10:02

दादा, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत. वाचणाऱ्या दहा जणांचं तरी पाऊल थांबेल.

निवृत्त_प्राध्यापक | रविवार, सकाळी 11:40

काचेतला_तलाव, तुम्ही त्याचं तोंड इतकं जवळून पाहिलं आहे. ते चावून खाताना पाहिलंत का?

काचेतला_तलाव | रविवार, सकाळी 11:58

हो. कोळंबी दिली की जबडा बाहेर काढून डावीकडे-उजवीकडे हलवायचं, रवंथ करणाऱ्या गाईसारखं. मला वाटायचं सगळेच मासे असं करतात.

निवृत्त_प्राध्यापक | रविवार, दुपारी 12:50

सगळे करत नाहीत. म्हणूनच विचारलं. मला या तुलनेतला सर्वांत आवडता भाग हाच आहे.

चर्वण, म्हणजे जबडा बाजूंना हलवून अन्न दळणं, ही सस्तन प्राण्यांची खासियत मानली जायची. 2016 साली कोल्मन आणि सहकाऱ्यांनी मोटोरो पाकटांचं खाणं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रित केलं. पाकटांना मऊ मासा, कोळंबी आणि चतुर या कीटकाच्या अळ्या दिल्या. अळीचं कवच कायटिनचं, चिवट. पाकटांनी ती चक्क चावली, जबडे बाजूंना सरकवत. ज्याच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कास्थीचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत असते तशा कुर्चेचा, असा मासा चिवट कीटक दळून खातो.

आता व्होल. त्याचं अन्न गवत. गवतात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, दातांना खरवडून काढणारा. मायक्रोटस व्होलच्या दाढांना मूळच नसतं, त्या जन्मभर वाढत राहतात. झिजतात तेवढ्या खालून वर येतात. पाकटाची सोय वेगळी. त्याच्या दातांच्या ओळी असतात, पुढची ओळ झिजून गळाली की मागची पुढे सरकते.

एकच अडचण दोघांपुढे आहे. अन्न चिवट, दात झिजणार. एकाने प्रत्येक दाढ आयुष्यभर वाढवत ठेवली, दुसऱ्याने ओळींमागे ओळी तयार ठेवल्या. दोघांचे पूर्वज वेगळे होऊन चाळीस कोटींहून जास्त वर्षं झाली, तरी दोघांनी बाजूंना चावणं स्वतंत्रपणे शोधलं.

कुतूहल | रविवार, दुपारी 1:15

व्होल थंडीत काय खातो? झोपी जातो का?

निवृत्त_प्राध्यापक | रविवार, दुपारी 2:05

झोपी जात नाही. शीतनिद्रा नाही. बर्फ पडला की जमीन आणि बर्फाच्या थराच्या मध्ये एक पोकळी तयार होते. वर कितीही गोठलेलं असलं तरी तिथलं तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं. व्होल त्या बोगद्यांत फिरतो, गवताची खोडं, मुळं, साल खातो. कोल्हा वरून आवाजावर कान लावतो आणि उडी मारून तोंड बर्फात खुपसतो. व्होलचं वजन साधारण 50 ग्रॅम. एवढ्याशा देहातून उष्णता भराभर निघून जाते, म्हणून त्याला सतत खात राहावं लागतं. पाकट शीतरक्ती, त्याला ही घाई नाही. बोरामीच्या वजनाला 6000 व्होल लागतील.

अनघा_माहीम | सोमवार, रात्री 9:35

मुलीने आज विचारलं, "यांच्यात आई कशी असते?" पाकटाची आई पिल्लांना दूध पाजत नाही, एवढंच मला सांगता आलं.

निवृत्त_प्राध्यापक | मंगळवार, सकाळी 7:05

अनघाताई, पाजते. पण आत.

गोड्या पाण्यातलं पाकट अंडी घालत नाही, पिल्लं घालतं. गर्भ वाढत असताना गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांतून स्निग्ध, पौष्टिक द्राव पाझरतो आणि पिल्लं त्यावर वाढतात. शास्त्रज्ञ त्याला गर्भाशयातलं दूधच म्हणतात. काही महिन्यांनी पिल्लू जन्मतं ते संपूर्ण तयार, काट्यासकट. काट्यावर जन्मताना मऊ आवरण असतं, आईला इजा होऊ नये इतकी ती सोय आहे. जन्मल्यावर आई त्याच्याकडे बघत नाही. जे द्यायचं ते सगळं आधीच देऊन झालेलं असतं.

व्होलचं उलट. गर्भ फक्त 21 दिवसांचा. पिल्लं उघडी, डोळे मिटलेली. एका वेळी सहाच्या आसपास. पण इथे मायक्रोटस मोन्टॅनसबद्दल तीन गोष्टी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एक, त्याला पिल्लं कधी घालायची हे गवत सांगतं. नुकत्या फुटलेल्या कोवळ्या गवतात एक रसायन असतं, ते खाल्लं की व्होलच्या देहात प्रजननाची तयारी सुरू होते. 1981 मध्ये हे रसायन ओळखलं गेलं. आता अन्न येणार आहे, ही खबर अन्नातूनच येते.

दोन, दिवस वाढतायत की घटतायत हे पिल्लाला आईच्या पोटातच कळतं. टेरेसा हॉर्टन यांनी 1984 मध्ये दाखवलं की गर्भात असताना आईने अनुभवलेल्या दिवसाच्या लांबीवर पिल्लाची पुढची वाढ ठरते. उन्हाळा चढत असेल तर लवकर मोठं व्हायचं, हिवाळा येत असेल तर थांबायचं. बाहेरचं ऊन न पाहता त्याला ऋतू कळलेला असतो.

तीन. त्याच वंशातला गवताळ मैदानी व्होल जोडीने राहतो. पर्वतीय व्होल एकटा राहतो, कुणाच्या जवळ जात नाही. इन्सेल आणि शापिरो यांनी 1992 साली दोघांच्या मेंदूंतले ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते जिथे जाऊन काम करतं त्या जागा, तपासले, तर त्यांची मांडणी वेगवेगळी निघाली. पण एकटी राहणारी पर्वतीय व्होल मादी बाळंत झाली की 24 तासांच्या आत तिच्या मेंदूतली ती मांडणी बदलते, आणि त्याच वेळी ती पिल्लांना जवळ घ्यायला लागते.

एक सावधगिरी. यावरून 'ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम' असं मुलीने लिहू नये. 2023 मध्ये ऑक्सिटोसिनचा ग्राहीच काढून टाकलेल्या मैदानी व्होलनीही जोड्या केल्या. गोष्ट एका संप्रेरकापेक्षा मोठी आहे.

डॉक्टर_परळ | मंगळवार, सकाळी 8:50

सर, 24 तासांची ती ओळ मी प्रसूती विभागातल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवली.

वेसावकर | मंगळवार, रात्री 10:20

आतलं दूध हे शास्त्रीय नाव मला माहीत नव्हतं, पण आमच्या बायकांना पाकट कापताना ते दिसतं. पांढरट, दाट. समुद्रातल्या पाकटालाही पोटात पिल्लं असतात. पिल्लाचे पंख पोटावर गुंडाळलेले असतात, अळुवडीच्या उंड्यासारखे. जिवंत मादी डोलीत आली आणि पोट भरलेलं दिसलं तर माझे वडील परत सोडायचे. मीही सोडतो.

अनघाताई, रविवारी सकाळी मुलीला घेऊन वेसाव्याला या. बोटी आल्या की हाताने दाखवतो. जबडा नीट उकळून ठेवतो, तो तिने घेऊन जावा.

अनघा_माहीम | रविवार, दुपारी 3:40

जाऊन आलो. वेसावकर काकांनी एक समुद्री पाकट टोपलीत ठेवलं होतं, काटा आधीच काढलेला. मुलीने वरच्या बाजूची श्वासरंध्रं पाहिली, मग उलटं करून कल्ल्यांच्या फटी मोजल्या. पाच आणि पाच. दातांच्या पट्टीवर बोट फिरवून म्हणाली, "किसणीसारखं आहे." काकूंनी तिला गुंडाळलेल्या पिल्लाचं वर्णन सांगितलं आणि रुमालाची घडी घालून ते कसं उलगडतं ते दाखवलं.

वहीची सहा ओळींची पानं तिने फाडली नाहीत, तशीच ठेवली. नवीन पानावर वर 'दोघांना काय बदलावं लागलं' असं लिहिलंय. पहिल्या पानावर दोन नकाशे आणि शाळिग्राम. दुसऱ्यावर दाढ आणि दातांची पट्टी. तिसऱ्यावर दोन पिल्लं, एक केस न आलेलं, डोळे मिटलेलं, आणि एक अळुवडीसारखं गुंडाळलेलं, काट्यावर टोपी घातलेलं.

चौथं पान अजून कोरं आहे. तिथे तिला मोटोरोचे ठिपके हुबेहूब रंगवायचे आहेत. काचेतला_तलाव, तुमच्याकडे त्याचा एखादा फोटो असेल तर पाठवाल का?

काचेतला_तलाव | रविवार, दुपारी 4:12

आहे. काचेवर पोट टेकवलेला नाही पाठवत, वरून काढलेला पाठवतो, ठिपके त्यात नीट दिसतात. कडं काढताना काळ्याच्या आत नारिंगी येतं, तिला सांगा.